खेळांतली लाल गाडी आणि तिची वही

कल्याण सोडून कसाऱ्याच्या बाजूस निघालें म्हणजे पहिलें स्टेशन लागतें तें शहाड. स्टेशनाजवळच्या पुलावरून कल्याण-मुरबाडचा रस्ता जातो, आणि तोच पुढें माळशेज घाट चढून अहिल्यानगरास, म्हणजे २०२४ पर्यंत ज्यास आपण अहमदनगर म्हणत होतों त्या शहरास, पोंचतो. या रस्त्यावर एस. टी. ची गाडी हांकण्यांत ज्यांचें सारें आयुष्य गेलें असे एक निवृत्त चालक आमच्या शेजारीं राहतात. गुडघ्यांनीं आणि डोळ्यांनीं त्यांना आतां खऱ्या गाडीपासून दूर केलें आहे. परंतु रोज दिवेलागणीनंतर ते नातवाच्या संगणकापुढें बसतात आणि लाल गाडी हांकतात. ही गाडी एके दिवशीं अकस्मात् कां नाहींशी झाली आणि ती परत कशी मिळवितां आली, हें मला आज सांगावयाचें आहे. प्रश्न एकाच घरचा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. ज्या घरांत मुलें संगणकावर खेळतात त्या प्रत्येक घरीं तो आज ना उद्यां उपस्थित होण्यासारखा आहे.

प्रथम हा खेळ काय आहे तें पाहूं. त्याचें नांव ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’. प्राग येथील एस. सी. एस. सॉफ्टवेअर या कंपनीनें तो २०१२ सालीं बाजारांत आणला. युरोपांतील एका शहराहून दुसऱ्या शहरीं माल पोंचवावयाचा, मिळालेल्या भाड्यांतून कर्ज फेडावयाचें, नवी गाडी घ्यावयाची, असा त्याचा एकंदर व्यवहार. मूळ खेळांत आपली एस. टी. कोठून असणार? परंतु कंपनीनें खेळाचें दार हौशी लोकांसाठीं मुद्दाम उघडें ठेविलें आहे. कोणीहि आपली गाडी, आपला नकाशा, आपलें आभाळ तयार करून त्यांत बसवावें. अशा जोडकामास ‘मॉड’ म्हणतात. अशाच एका मॉडमुळें आजोबांची लाल गाडी साल्झबर्गहून इन्सब्रुकच्या रस्त्यास लागली. तेथील डोंगर दिसूं लागले कीं आजोबा ‘आला माळशेज’ म्हणतात. त्यांचें खरें प्रेम मात्र इंग्लंडवर, कारण तेथें वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूनें चालते. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें आणि अहमदनगर यांच्या दरम्यान धांवली. तिच्या वंशजानें लंडनच्या फेऱ्या माराव्या, हें त्या दिवशीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसेल!

अकरा महिन्यांतील प्रत्येक फेरीचा हिशेब संगणकांतील एका फाईलींत नोंदलेला होता. तिला ‘सेव्ह फाईल’ म्हणतात. आपण तिला खेळाची वही म्हणूं.

दिवाळीच्या सुटींत नातवानें उत्साहाच्या भरांत मॉडांची संख्या ३२ वर नेली आणि खेळ अडखळत चालूं लागला. गाडी वळणावर आली कीं चित्र थबके, आणि मग एकदम पुढें उडी मारी. अशांत कंपनीनें खेळाची नवी आवृत्ति काढली. अशा आवृत्त्या वर्षांतून अनेकदां निघतात व संगणक त्या आपण होऊन उतरवून घेतो. त्या सायंकाळीं खेळ उघडतां उघडतांच बंद पडूं लागला. नातवानें चिडून सारे मॉड एकदम काढून टाकले व पुन्हा वही उघडली. ‘कांहीं मॉड सांपडत नाहींत, पुढें जावें काय?’ असें खेळानें विचारलें. यानें न वाचतांच होकार दिला. खेळ उघडला, पण लाल गाडी कोठेंच नव्हती. थोडा वेळ दुसरीच गाडी चालवून पाहिल्यावर तो धांवत माझ्याकडे आला. म्हणाला, ‘काका, आजोबा देवळांतून परत यायच्या आंत कांहीं तरी करा.’

गाडी गेली कोठें? वहींत गाडी नसतेच. असतें तें केवळ गाडीचें नांव. आपल्या हातांतील तिकिटावर ‘शहाड’ छापलेलें असतें, शहाड स्टेशन कांहीं त्या कागदांत बसविलेलें नसतें. उद्यां तें स्टेशनच मार्गावरून उठविलें, तर तिकीट शाबूत असूनहि उतरावयास जागा राहणार नाहीं. त्याचप्रमाणें वहींत लिहिलेलें असतें कीं, ‘अमुक नांवाची बस, अमुक रंग, अमुक चाकें, अमुक ठिकाणीं उभी.’ त्या नांवाची वस्तु मॉडमध्यें असते. मॉड काढला कीं नांव उरतें व वस्तु जाते. खेळाला जें नांव ओळखतां येत नाहीं तें तो बाजूस सारतो आणि उरलेल्या सामग्रीवर काम चालवितो.

येथेंच खरा धोका आहे. नुसती वही उघडल्यानें नुकसान होत नाहीं. तें होतें वही पुन्हा लिहिली जाते तेव्हां. खेळ मधून मधून आपण होऊन नोंद करीत असतो, आणि त्या नोंदींत लाल गाडी खोडलेली असते. जुन्या पानावर नवें पान चढलें कीं मग मॉड परत आणूनहि उपयोग नाहीं. म्हणून पहिला नियम असा कीं, कांहीं चुकल्याचें दिसतांच नवी नोंद न करतां खेळांतून बाहेर पडावें, आणि दुसरें कांहींहि करण्यापूर्वीं वहीची नक्कल काढावी. ‘डॉक्युमेंट्स’ या फोल्डरांत खेळाच्या नांवाचें एक फोल्डर असतें, त्यांत ‘प्रोफाइल्स’ नांवाचें दुसरें. तें संपूर्ण उचलून निराळ्या जागीं, शक्य तर पेन ड्राइव्हवर, ठेवावें. क्लाउडमध्यें प्रत आहे म्हणून निश्चिंत राहूं नये. क्लाउड हा आरसा आहे. येथली वही बिघडली कीं तेथलीहि तशीच होते.

आम्हीं तसें केलें. आपोआप झालेल्या नोंदींतून गाडी गेलेलीच होती. परंतु आजोबांनीं चौदा दिवसांपूर्वीं स्वतःच्या हातानें केलेली एक नोंद निराळ्या नांवानें शिल्लक होती. खेळ ज्या ‘स्टीम’वरून घेतला तेथें ‘बीटा’ या सदराखालीं मागील आवृत्त्या निवडतां येतात. आम्हीं मागची आवृत्ति निवडली, काढलेले मॉड पूर्वीच्याच क्रमानें परत बसविले, आणि ती नोंद उघडली. लाल गाडी आगारांत उभी होती. येथें एक सावधगिरी सांगतों. जुन्या आवृत्तींतील वही नवींत बहुधा उघडते, पण नव्या आवृत्तींत लिहिलेली वही जुनींत उघडेलच असें नाहीं. यासाठींहि जुनी नक्कल हवी.

आतां मूळ दुखण्याकडे वळूं. खेळ मंद चालणें आणि खेळ बंद पडणें हीं दोन निराळीं दुखणीं आहेत. त्यांस एकच औषध देऊं नये.

मंदपणाचें कारण बहुधा ओझें हें असतें. चित्र सफाईदार दिसावयाचें तर सेकंदास सुमारें ६० चित्रें काढावीं लागतात, म्हणजे एका चित्रास सेकंदाचा साठावा भाग मिळतो. गाडीच्या प्रत्येक आरशांत दिसणारा देखावा संगणकास वेगळा रंगवावा लागतो. शिवाय मॉड करणारा हौसेनें बारीक पोताचीं चित्रें घालतो. ४०९६ ठिपके लांब व तितकेच रुंद असें एक चित्र घ्या. प्रत्येक ठिपक्यास चार बाईट धरले तर तें न दाबतां ६ कोटी ७१ लाख बाईट जागा घेतें. अशीं चाळीस-पन्नास चित्रें झालीं कीं साध्या ग्राफिक्स कार्डाची स्मृति भरून जाते. लांबीरुंदी निम्मी केली तर जागा एक चतुर्थांश लागते. परीक्षा सोपी आहे. पडद्यावरील चित्राचें रेझोल्यूशन कमी करून पाहावें. गति वाढली तर भार ग्राफिक्स कार्डावर आहे. न वाढली तर तो प्रोसेसरवर असण्याचा संभव अधिक, आणि मग रस्त्यावरील वाहनांची गर्दी वाढविणाऱ्या मॉडकडे पाहावें.

खेळ बंद पडण्याचें कारण बहुधा विसंगति हें असतें. मॉड जुन्या आवृत्तीसाठीं केलेला, खेळ नवा. अथवा दोन मॉड एकाच वस्तूवर हक्क सांगणारे. खेळ स्वतःचा रोजनामा ठेवितो, त्या फाईलीचें नांव ‘गेम लॉग’. बंद पडण्यापूर्वींच्या शेवटच्या ओळींत पुष्कळदां दोषी मॉडचें नांव मिळतें. न मिळाल्यास अर्धेअर्धे करून शोधावें. आजोबांची वही बाजूस ठेवून खेळांत एक नवें, रिकामें खातें उघडावें. ३२ मॉडांपैकीं १६ लावून पाहावे. खेळ बंद पडला तर दोष त्या सोळांत, न पडला तर उरलेल्यांत. पुढें आठ, चार, दोन, एक. बत्तिसांतून एक चोर पकडण्यास पांच परीक्षा पुरतात. एकाच नकाशाचे भाग मात्र एकमेकांपासून तोडूं नयेत. दोन्हीं अर्धे निरनिराळे नीट चालले व एकत्र बिघडले, तर दोष जोडींत आहे. तेथें यादींतील क्रम बदलून पाहावा, कारण ज्याचा क्रम वर त्याचा शब्द अखेरचा.

आमच्याकडे पांचव्या परीक्षेस वाहतुकीचा एक जुना मॉड पकडला गेला. मंदपणाचें मूळ मात्र रस्त्याकडेच्या झाडांच्या अतिमोठ्या चित्रांत निघालें. तो मॉड नातवानेंच इंग्लंडचे रस्ते सुंदर दिसावे, आजोबांस आवडावे, म्हणून घातला होता! आजोबांनीं सारी हकीकत ऐकली आणि म्हणाले, ‘चौदा दिवसांच्या फेऱ्या गेल्या ना? बिनपगारी रजा मांडा.’

त्या दिवसापासून त्या घरीं एक शिस्त आहे. नवा मॉड घालण्यापूर्वीं, किंवा नवी आवृत्ति येण्यापूर्वीं, गाडी आगारांत लावावयाची, हातचें भाडें पुरें करावयाचें, निराळ्या नांवानें नोंद करावयाची व तारीख घालून वहीची नक्कल ठेवावयाची. एका वेळीं एकच बदल. आणि कोणते मॉड, कोणत्या आवृत्तीचे, कोणत्या क्रमानें, हें संगणकाजवळ टांगलेल्या कागदावर लिहिलेलें असतें. अक्षर आजोबांचें आहे. गाडी बाहेर काढण्यापूर्वीं ब्रेक, दिवे, टायर तपासण्याची त्यांची संवय जुनीच. आतां ती नातवासहि लागली आहे.