लढाऊ विमानांचे रंग

नाकतोडा गवतावर बसला की चटकन दिसत नाही. रोहू माशाची पाठ काळपट आणि पोट चंदेरी असते, म्हणून तोही पाण्यात लपतो. दुसऱ्या महायुद्धात (१९३९ ते १९४५) जर्मनीने हीच युक्ती आपल्या लढाऊ विमानांसाठी वापरली.

मेसरश्मिट १०९ हे त्यांचे प्रसिद्ध लढाऊ विमान. त्याची पाठ हिरवी किंवा करडी आणि पोट फिकट निळे असे. वरून बघणाऱ्याला जमीन वाटावी, खालून बघणाऱ्याला आभाळ! १९४१ साली ही विमाने आफ्रिकेच्या वाळवंटात गेली, तेव्हा पाठ वाळूच्या रंगाची केली. रशियात हिवाळ्यापुरता पांढरा रंग फासत आणि बर्फ वितळल्यावर तो धुऊन काढत.

मग मला एक कोडं पडलं. एवढं लपवायचं, तर पंखांवर मोठा काळा-पांढरा क्रूस कशाला? उत्तर सोपे आहे. शत्रूला दिसू नये, पण आपल्या माणसांना ओळखू यावे. नाहीतर आपलेच लोक आपल्यावर गोळी झाडतील! म्हणून १९४० साली इंग्लंडवरच्या लढाईत कित्येक विमानांची नाके पिवळी रंगवली होती. १९४५ मध्ये तर विमानतळ राखणाऱ्या काही विमानांची पोटे लालभडक करून त्यांवर पांढरे पट्टे ओढले. खालच्या आपल्याच तोफांनी ती पाडू नयेत, एवढ्यासाठी.

शेपटीवर नाझी पक्षाचे चिन्ह असे. ते दिसायला स्वस्तिकासारखेच, पण तिरपे. आपल्या उंबऱ्यावरच्या शुभचिन्हाच्या अर्थाशी त्याचा संबंध नाही. त्या चिन्हाखाली लाखो निरपराध माणसे मारली गेली.

शेपटीच्या सुकाणूवर काही वैमानिक उभ्या रेघा काढून घेत. एक रेघ म्हणजे पाडलेले एक विमान. असे एक चित्र पाहताना मी रेघा मोजायला लागलो. आधी मजा वाटली. मग एकदम ध्यानात आलं की पडलेल्या प्रत्येक विमानात कुणाचा तरी मुलगा बसलेला होता. मी मोजायचं थांबलो.

खाली मी विमानाचे चित्र काढले आहे. त्यात रेघा काढल्या नाहीत. पाठ कोणती, पोट कोणते, ते रंगावरून ओळखा बघू!

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी