घरची बोली शाळेतही चालू द्या



राबावरचे भाताचे रोप उपटून खाचरात लावले की पहिले काही दिवस ते मलूल दिसते. म्हणून रोपच वाईट, असे कोणी म्हणत नाही. खाचरात बेताचे पाणी ठेवून आपण त्याला मूळ धरू देतो. घरातून अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात गेलेले मूल गप्प बसले, तर त्याला मात्र आपण लगेच मठ्ठ ठरवतो. हे बरोबर आहे का?

डहाणू-तलासरीच्या बालवर्गाकडे पाहा. कोणाच्या घरी वारली बोलतात, कोणाच्या घरी धोडिया, कोणाकडे गुजराती, तर किनाऱ्याला मांगेली. चिकूवाडीच्या मालकाचे मूल आणि त्याच वाडीत तोडणीला जाणाऱ्या मजुराचे मूल शेजारी बसते. मराठी शाळेतले पुस्तक मात्र एकाच मराठीत असते. घरी ज्या वस्तूला एक नाव, तिला शाळेत दुसरेच. मूल गोंधळते. त्यातून त्याच्या बोलण्याला कोणी हसले, की शाळेपेक्षा गुरांमागे जाणे त्याला बरे वाटते.

कोसबादचा धडा

यावरचा उपाय आपल्याच तालुक्यात सापडला. बालशिक्षणाचे काम गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या साथीला होत्या. पुढे हे केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले.

पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली. झोपडीपुढच्या अंगणात भरली, म्हणून ती अंगणवाडी. काही मुले गुरे राखायला जात. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले, तीच कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुलींचीही अडचण ओळखली गेली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिला विकासवाडी म्हणत. महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, पाने, शंख-शिंपले वापरले. मूल ज्या वस्तू ओळखते, त्यांच्यावरच ते मोजायला शिकले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. आज देशभर गावोगाव अंगणवाड्या आहेत. पाटी लावली म्हणजे अंगणवाडी झाली, असे मात्र नाही. मुलाचे घर, त्याची बोली आणि त्याचे काम समजून घेणे हा तिचा प्राण आहे.

आपण काय करावे?

१) घरी वारली किंवा धोडिया बोलत असाल, तर ती बोलायला लाजू नका. घरच्या बोलीत पक्के झालेले मूल दुसरी भाषाही लवकर उचलते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे.

२) पाड्यावरच्या जाणत्यांना वर्गात बोलवायला गुरुजींना व बाईंना सांगा. तारपा वाजवणारे आजोबा, कणसरीची गोष्ट सांगणारी आजी, लग्नघरी तांदळाच्या पिठाने चौक लिहिणारी मावशी, हे सारे शिक्षकच. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना याच वारली चित्रकलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली.

३) वाडीमालकांनो, मजुराच्या मुलाच्या बोलीची, कपड्यांची किंवा डब्यातल्या नागलीच्या भाकरीची थट्टा घरात होऊ देऊ नका. मूल हसायला घरीच शिकते. त्याला शेजारच्या मुलाच्या बोलीतले चार शब्द विचारून यायला सांगा.

४) सुगी आटोपल्यावर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी अंगणवाडी सेविकेला सांगून जावे. मूल शाळेत असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. दुसऱ्या गावची शाळा वर्षाच्या मध्यावरही प्रवेश नाकारू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना तो हक्क दिला आहे.

पुढच्या पालक सभेला दोघांनीही जा. 'माझे मूल कितवे आले?' हे मागाहून विचारा. 'माझे मूल वर्गात बोलते का?' हे आधी विचारा.