महाडला येताना जीव सांभाळा

२० मार्च आणि २५ डिसेंबरला आपली माणसे महाडच्या क्रांतिभूमीत येतात. कुणी एसटीने, कुणी दुचाकीवर, कुणी पायी. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले. काम चालू असते तिथे रस्ता अचानक वळवलेला असतो, खडी पसरलेली असते, एकाच बाजूने दोन्हीकडची वाहने धावतात. म्हणून आम्ही सांगतो :

पायी जाताना समोरची वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चाला. पांढरी वस्त्रे अंधारात दुरून दिसतात. डिसेंबरच्या थंडीत त्यांवर काळी शाल घेऊ नका. दुचाकीवर दोघांनीही हेल्मेट घाला. पिंपे, बॅरिकेड सरकवून वाट काढू नका. त्या फटीतून मागचा माणूस खड्ड्यात जातो. लाल झेंडा दिसला की थांबा. झेंडा धरणारा कामगारही कुणाच्या तरी घरचा कर्ता आहे.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत येते. वस्तीत अनेकांना पोलिसांच्या चौकशीची भीती वाटते. पण मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत.

जखमीला सोडून जाऊ नका. करुणा ती हीच.

जय भीम! नमो बुद्धाय!