पाइपाचा घुटका

रात्रीचे पावणेदोन. डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये मी स्टुलावर उभा, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात घड्याळ. दिवाणावर आई जागीच होती. "तुझं ते गुडगुडं बंद कर, नाहीतर मासे खाडीत सोडून ये," असं तिने झोपायच्या आधी बजावलं होतं, आणि ती गंमत करत नव्हती.

टँक चार फुटी, अडीचशे लिटरचा. मागच्या कोपऱ्यात काचेची उभी पेटी. टँकमधलं वरचं पाणी कडेवरून तिच्यात पडतं, तिथल्या उभ्या पाइपातून खाली कपाटातल्या संपमध्ये उतरतं, आणि गाळून झालं की मोटर ते परत वर चढवते. पाइप मीच बसवला होता: पेटीच्या तळाला टँक निपल, त्यात इंची पीव्हीसीचा तुकडा, वरचं तोंड उघडं. इतकं सोपं काम, की त्यात काही चुकेल असं मनातही आलं नाही.

आवाज असा यायचा. आधी नुसती खळखळ. ती दबत दबत जायची, क्षणभर शांतता, आणि एकदम घर्रर्र! कुणी तळाशी उरलेलं ताक ओरपावं तसं. बावीस सेकंदांनी पुन्हा तेच. मी आधी मोटरवर संशय घेतला, तिच्याखाली थर्माकोल घातला. मग पाइपात स्पंज कोंबला. आवाज गेला, पण पेटीतलं पाणी काठाला लागलं तेव्हा घाम फुटला आणि स्पंज उपसून काढला.

त्या रात्री मात्र काही करायचं नाही, फक्त बघायचं असं ठरवलं. टॉर्चच्या उजेडात पाणी चढत चढत पाइपाच्या तोंडावर आलं. तोंड बुडालं, हवा तुटली. पाइप गच्च भरला की त्याचा सायफन होतो आणि मोटर देते त्याहून कितीतरी जास्त पाणी तो ओढतो. पातळी झरकन उतरली, तोंड उघडं पडलं, हवा आत घुसली, सायफन मोडला. घर्रर्र. मोटर पुन्हा पेटी भरायला लागली.

रोग कळला, औषध कळेना. तळाशी शेवाळाचा गोळा दिसला म्हणून तो ओढून घ्यायला हवेच्या पंपाची पातळ नळी आत सोडली. ती सटकून नेमकी पाइपाच्या तोंडात गेली. बावीस सेकंद झाले. तीस. चाळीस. घर्रर्र नाहीच. नळी काढली, आला. वीतभर आत घातली, गप्प. मग तिचं वरचं टोक बोटाने दाबलं. बोटाची कातडी आत ओढली गेली, पातळी उतरू लागली आणि पाइप ओरडला. पाइपाला हवा हवीच होती, पण अशी एकदम घोटभर नको, सारखी चिमूटभर.

सकाळी बाथरूमच्या नळासाठी आलेल्या प्लंबरमामांना मी हा पराक्रम ऐकवला. त्यांनी खिडकीतून डक्टकडे बोट केलं. "साहेब, तो बारका पाइप गच्चीवर गेलाय ना, तो अँटिसायफन. तो नसता तर वरच्यांनी फ्लश केला की तुमच्या ट्रॅपातलं पाणी ओढलं गेलं असतं. तुमच्या टँकलापण तेच पायजे." पुढे कळलं, की डर्सो या अमेरिकन छांदिष्टाच्या नावाने असा पाइप मासे पाळणाऱ्यांत कधीचाच ओळखला जातो. माझा शोध जेमतेम सकाळी दहापर्यंत टिकला.

डर्सोचा पाइप प्लंबिंगच्या कुठल्याही दुकानातल्या सामानात होतो. निपलवर रिड्यूसर लावून पाइप सव्वा इंची केला. त्यावर टी, टीच्या आडव्या तोंडाला खाली वळलेला एल्बो, डोक्यावर एंड कॅप आणि कॅपला छिद्र. एल्बोचं तोंड पाण्याखाली राहतं, त्यामुळे हवा येते ती फक्त छिद्रातून. कॅपला सोल्युशन लावलं नाही. ती निघायला हवी. छिद्राने मात्र तीन संध्याकाळी खाल्ल्या. दोन मिलिमीटरला घर्रर्र चालूच. मोठं करत पाचवर नेलं तेव्हा तो गेला, पण पेटीतलं पाणी वर चढलं आणि छिद्र सूं-सूं करायला लागलं. शेवटी त्यात तीच पातळ नळी बसवली आणि तिच्या टोकाला हवेच्या पंपाचा इवलासा कॉक. तो केसभर फिरवायचा, कान लावायचा, पुन्हा केसभर.

खाली ढेकर उरले होते. पाइपाचं टोक संपमध्ये खोल बुडल्याने हवेला सुटायला जागा नव्हती. जेमतेम इंचभर बुडेल इतकं कापलं.

मग धीर करून मेन स्विच बंद केला, कारण वीज कधीतरी जाणारच. वरचं पाणी खाली आलं, संपच्या काठाखाली चार बोटांवर थांबलं. स्विच लावला. एक घुटका, आणि दोन मिनिटांत पातळी आपल्या जागी.

आईने कौतुक केलं नाही. तिच्या हिशेबी आवाज मीच आणला होता आणि मीच नेला. कॉकच्या भोकात क्षार साचतात, दर पंधरा दिवसांनी टाचणी फिरवावी लागते. मी विसरलो, की ती दिवाणावरून हाक मारते, "उठ रे, तुझा पाइप ताक प्यायला लागला."