शुक्रवारचा माल

मुंबईच्या चोर बाजाराबद्दल वाचून शुक्रवारी मटण स्ट्रीटवर पोहोचणाऱ्या प्रवाशाची पहिली निराशा ठरलेली. ग्रामोफोन, झुंबरं, जहाजांवरचे दिवे, जुन्या सिनेमांची पोस्टर्स विकणारी दुकानं बंद. शुक्रवार हा इथला सुट्टीचा वार. पण शटरं खाली ओढलेली असली तरी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. शटरांच्या पुढ्यात, फुटपाथवर आणि भर रस्त्यात दुसराच बाजार मांडलेला असतो, जुम्मा बाजार. दुकानदारांचा सुट्टीचा दिवस हाच या लोकांचा धंद्याचा दिवस.

या बाजाराला भांडवल म्हणून एक ताडपत्री पुरते. तिच्यावर ड्रिल मशीन, पान्हे, पक्कडी, रिमोट कंट्रोल, इस्त्र्या, झाकण हरवलेली मिक्सरची भांडी, चष्म्यांच्या फ्रेम्स आणि कुठल्या यंत्राचे ते न कळणारे पितळी नळ असं सगळं एकत्र पसरलेलं असतं. पहिल्या नजरेत हा ढिगारा वाटतो. पाच मिनिटं थांबलं की त्यातली शिस्त दिसू लागते. ज्यावर लोकांचा हात चटकन पडतो, तो माल कडेला, विकणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात. वायरी आणि चार्जर मधोमध, कारण ते उपसायला गिऱ्हाईक आपण होऊन बसतं. आणि बसलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हातानं उठत नाही.

हा माल येतो कुठून, याचं उत्तर बाजाराच्या नावात शोधण्यापेक्षा भंगाराच्या गाळ्यात शोधलेलं बरं. चोरीचा माल इथे कधी येतच नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ताडपत्रीवरच्या बहुतेक वस्तूंचा प्रवास साधा असतो. घरातून किंवा कारखान्यातून निघालेलं सामान भंगारवाला वजनावर घेतो. लोखंड, तांबं, पितळ, प्लॅस्टिक असं वेगळं होऊन ते पुढे वितळायला जातं. त्याआधी कुणीतरी त्या ढिगात हात फिरवतो आणि अजून चालेल, जोडता येईल, पुसून विकता येईल अशी वस्तू बाजूला काढतो. किलोनं आलेला माल नगानं विकायचा, हे या धंद्याचं मर्म. तो हात फिरला नसता, तर ताडपत्रीवरचा पान्हा आज भट्टीत असता.

हेच काम आणखी उघडपणे पाहायचं असेल तर शुक्रवारी उजाडण्याआधी निघावं लागतं. मटण स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कामाठीपुऱ्यात, ‘डेढ गल्ली’ नावाचा चपला-बुटांचा बाजार पहाटे चारच्या सुमारास उघडतो. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड पुरत नाही, म्हणून विकणारे आणि घेणारे दोघेही हातात बॅटरी किंवा मोबाइल धरून असतात. शिलाईत दोष निघाला म्हणून कारखान्यानं बाजूला काढलेले जोड, दुकानात पडून राहिलेले जोड, वापरून टाकलेले पण दुरुस्त केलेले जोड आणि नामांकित ब्रँडच्या नकला, सगळं शेजारी शेजारी. गिऱ्हाइकांत रोज बूट घालून कामावर जाणारे लोक असतात आणि एखादा स्नीकर शोधत आलेली कॉलेजची मुलंही. दिवस वर आला की माल गोण्यांत भरला जातो आणि सकाळी नऊपर्यंत गल्ली पुन्हा नेहमीसारखी वाहती होते.

इथलं जुनं गिऱ्हाईक बूट पायात घालण्याआधी तीन गोष्टी करतं. दोन्ही बुटांचे नंबर ताडून पाहतं, कारण जोड मागाहून जुळवलेला असू शकतो. मग बूट नाकाशी नेतं. सोल्युशनचा ताजा वास आला, तर तळवा नुकताच चिकटवलेला आहे. आणि शेवटी टाचेत अंगठा रुतवून पाहतं. ही तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. अनेक स्पोर्ट्स शूजचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हा पदार्थ हवेतल्या ओलाव्यानं आतून सडतो, मग बूट एकदाही वापरलेला नसला तरी. कित्येक वर्षं खोक्यात राहिलेला, वरून कोरा दिसणारा जोड आठ दिवसांत भुसभुशीत होऊन गळून पडतो, तो यामुळेच. साधा रबरी तळ अशा बाबतीत जास्त भरवशाचा. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून अंगठा लावणाऱ्याशी तो वेगळ्या भावात बोलतो.

“कितने का?”

“चारसौ.”

अंगठा टाचेत जातो. विकणारा अंगठ्याकडे पाहतो.

“बोहनी का टाइम है, ढाईसौ दे दो.”

जुम्मा बाजारात जरा उजेड झाल्यावर घड्याळवाल्यांपाशी गर्दी जमते. एका काचेच्या पेटीत मनगटी घड्याळांच्या रांगा, पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसलेला कारागीर. एचएमटीचं एखादं ‘जनता’ त्याच्या हातात असतं. मागचं झाकण चाकूच्या टोकानं उघडतं. आतली चाकं पेट्रोलच्या वाटीत बुडून निघतात, ब्रशनं पुसली जातात, सुईच्या टोकाएवढं तेल मोजक्या ठिकाणी बसतं. वरची काच अॅक्रिलिकची असल्यानं तिच्यावरचे ओरखडे ब्रासोनं घासून जातात. चावी दिली की काटा हलतो. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूत सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळ विभागाला सरकारनं 2016 साली कुलूप लावलं. पण त्याची घड्याळं अजून दुरुस्त होतात, कारण एका मेलेल्या घड्याळाचे भाग दुसऱ्याला लागू पडतात आणि ते भाग याच बाजारांत मिळतात.

घड्याळाचं यंत्र अस्सल असतं, चेहरा मात्र बहुतेकदा नवा. जुनी तबकडी काळवंडलेली असते आणि काळवंडलेलं घड्याळ विकलं जात नाही. म्हणून तबकडी खरवडून पुन्हा रंगवतात. कंपनीनं कधीही न काढलेला पोपटी किंवा भगवा रंग, जाड झालेली अक्षरं, किंचित तिरकं नाव, मिनिटांच्या रेघांमधलं कमीजास्त अंतर, या त्याच्या खुणा. परदेशातले घड्याळांचे शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि नाक मुरडतात. संग्राहकाच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर आहे. तबकडी रंगवली की मूळ वस्तूची किंमत जाते. पण ज्याला चावीचं, रोज वेळ दाखवणारं घड्याळ हवं आहे, त्याच्या दृष्टीनं कारागिरानं चोख काम केलेलं असतं. फसवणूक होते ती रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकली गेली तरच.

या बाजारांतली कपड्यांची बाजू मराठी घरांना दारातून माहीत असते. जुन्या साड्या आणि पँट घेऊन त्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण म्हणजे याच साखळीचं पहिलं टोक. हा धंदा करणाऱ्यांत गुजरातेतून आलेल्या वाघरी, म्हणजेच देवीपूजक समाजाच्या बायका मोठ्या संख्येनं आहेत. पातेल्याला किती साड्या यावर दारात घासाघीस होते तेव्हा घरातल्या माणसाला वाटतं, बाईला स्वस्तात कपडे मिळाले. तिचं काम तर तिथून सुरू होतं. कपडे धुवायचे, उसवलेलं शिवायचं, बटणं लावायची, इस्त्री करायची आणि प्रत वेगळी करून बाजारात बसायचं. जे कपडे अंगावर घालण्याजोगे नसतात ते पुसण्याच्या चिंध्या म्हणून कारखान्यांत जातात. खऱ्या जरीच्या साडीचे काठ जाळून त्यातली चांदी काढण्याचा उद्योगही यातूनच उभा राहिला. दिल्लीच्या रघुवीर नगरमध्ये अशा कपड्यांची प्रचंड मंडी रात्र सरण्याआधी भरते. मानवशास्त्रज्ञ ल्युसी नॉरिस यांनी भारतातल्या या जुन्या कपड्यांच्या प्रवासावर आख्खं पुस्तक लिहिलं, ते 2010 साली प्रसिद्ध झालं.

शुक्रवार सोडून इतर दिवशी मटण स्ट्रीटची दुकानं उघडी असतात आणि तिथे उलटा खेळ चालतो. ताडपत्रीवर जुनं नव्यासारखं करतात, तर दुकानांत कधीकधी नवं जुन्यासारखं करतात. भावनगरजवळच्या अलंगच्या किनाऱ्यावर जहाजं तोडली जातात, तिथून निघालेले दिवे, घड्याळं आणि गोल खिडक्या या दुकानांपर्यंत पोहोचतात. ते अस्सल. पण त्यांच्याच शेजारी ठेवलेलं, ‘लंडन’ असं कोरलेलं पितळी होकायंत्र रुरकीच्या एखाद्या कारखान्यात अलीकडेच बनलेलं असू शकतं. चकचकीत पितळी भोंग्याच्या ग्रामोफोनचंही तेच. चांगला दुकानदार विचारल्यावर स्पष्ट सांगतो, “साहेब, हा रिप्रॉडक्शन आहे.” न विचारणाऱ्याला सांगण्याची जबाबदारी तो घेत नाही.

परदेशातून आलेल्या पाहुण्याला इथे घेऊन जाणाऱ्यांनी एक कायदा लक्षात ठेवावा. 1972च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पं, नाणी, चित्रं आणि अशा इतर वस्तू पुरावस्तू ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. दुकानदाराचं बिल जवळ असलं तरी विमानतळावर सुटका होत नाही.

पुण्यातही असाच ‘जुना बाजार’ बुधवारी आणि रविवारी भरतो. कुलुपं, हत्यारं, पितळी भांडी, जुने कपडे आणि नाणी हा तिथला नेहमीचा माल. शिवकालापासून पेशवाईपर्यंतच्या तांब्याच्या शिवराया तिथे मुठी मुठीनं दिसतात, आणि त्यांतल्या बनावट ओळखायला सरावलेली नजर लागते. राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं करणारे दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे अशा घरगुती वस्तू जुन्या वाड्यांतून आणि बाजारांतून आयुष्यभर जमवल्या. त्या काळी त्या वस्तूंना मोडीचा भाव होता. संग्रहालयाच्या कपाटातला अडकित्ता आणि ताडपत्रीवरचा अडकित्ता यांच्यात फरक पडला तो कुणी तो वेळेवर उचलला म्हणून.

अशा बाजारांवर सगळ्यांत मोठं संकट येतं ते जागेचं. चोर बाजाराच्या शेजारी भेंडी बाजारात सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टनं 2009मध्ये साडेसोळा एकरांवरच्या सुमारे 250 जुन्या इमारतींचा पुनर्विकास हाती घेतला, आणि या भागाचं रूप डोळ्यांदेखत बदलत आहे. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये 1960च्या दशकापासून फुटपाथवर भरणारा रविवारचा पुस्तकबाजार 2019 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उठला. विक्रेत्यांनी दाद मागितली आणि त्याच वर्षी तो आसफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये, कुंपणाच्या आत भरू लागला. बाजार वाचला, पण फुटपाथवरून सहज जाता-जाता पुस्तकात डोकावणारा वाचक कुंपणाबाहेर राहिला.

2014च्या पथविक्रेता कायद्यात या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. ज्या नैसर्गिक बाजारांत विक्रेते पन्नास वर्षांहून जास्त काळ बसत आले आहेत, ते वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं त्याची अनुसूची सांगते. शहर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, हीसुद्धा त्याच कायद्यातली तरतूद. ज्या महापालिकांच्या हद्दीत असे बाजार आहेत, त्यांनी ही कलमं कागदावरून रस्त्यावर आणली तर बाजारांना वेगळ्या दयेची गरज उरणार नाही.

जाणाऱ्यांनी पहाटेच्या लोकलनं ग्रँट रोडला उतरावं, आधी डेढ गल्ली, मग जुम्मा बाजार असा क्रम ठेवावा. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत, मोठी बॅग घरी ठेवावी. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. शंभर फोटो काढून काहीच न घेणारा पाहुणा इथे कुणालाच आवडत नाही. शोभेच्या पितळी होकायंत्राऐवजी एखादा पान्हा, चालू घड्याळ किंवा पक्क्या तळाचा जोड घ्यावा, आणि घेण्याआधी त्यावर काय काम केलं आहे ते विकणाऱ्याला विचारावं. बहुतेक जण मोकळेपणानं सांगतात.