परदेशी पैसे पाठवण्याच्या ऑनलाइन सेवांची तुलना: हुंडणावळ, बट्टा आणि विनिमय दर

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर विद्यार्थ्यांना
- परदेशी पैसे पाठवण्याच्या खर्चाचे घटक वेगळे करता येतील;
- दोन किंवा अधिक सेवांची एकाच मापाने तुलना करता येईल;
- खर्च आणि तात्पुरती कर-कपात यांतील फरक सांगता येईल.

१. प्रस्तावना

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीतील दरवाजांपैकी एक म्हणजे दतिया गेट. या दरवाजातून बाहेर पडणारा रस्ता दतियाकडे जातो. अंतर जेमतेम तीसेक किलोमीटर. पण नेवाळकरांच्या काळी दतिया हे वेगळे राज्य होते. झाशीचा रुपया बलवंतनगर या नावाने पडत असे, शेजारच्या संस्थानांचे रुपये निराळे होते. एका राज्याचे नाणे दुसऱ्या राज्यात चालवायचे तर सराफ त्यावर बट्टा कापी. दूरच्या गावी पैसा पोहोचवायचा तर हुंडी करावी लागे आणि तिच्यासाठी हुंडणावळ द्यावी लागे.

हे दोन जुने शब्द लक्षात ठेवले तर आजचा विषय निम्मा समजतो. पैसा पोहोचवण्याबद्दल घेतलेले शुल्क म्हणजे हुंडणावळ. एक चलन दुसऱ्यात बदलताना दरात कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. आज दतिया गेटजवळच्या एखाद्या घरातून मुलीच्या शिक्षणासाठी आयर्लंडला पैसे पाठवायचे असतील तर मोबाइलच्या पडद्यावर हेच दोन खर्च येतात. फरक इतकाच की हुंडणावळ ठळक अक्षरांत दिसते आणि बट्टा दरातच मिसळलेला असतो.

२. कायद्याची चौकट

भारतातून बाहेर जाणारा पैसा विदेशी चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ म्हणजेच ‘फेमा’च्या कक्षेत येतो. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’ (एलआरएस) सुरू केली. तेव्हा मर्यादा २५,००० डॉलर होती. आज ती प्रतिव्यक्ती, प्रति आर्थिक वर्ष २,५०,००० डॉलर आहे. त्यासाठी पॅन, ए-२ अर्ज आणि पैसे कशासाठी जात आहेत हे सांगणारा ‘पर्पज कोड’ लागतो. शिक्षण आणि कुटुंबाचा निर्वाह यांचे कोड वेगळे आहेत. चुकीचा कोड टाकल्यास कराचा दर बदलू शकतो, म्हणून हा रकाना घाईने भरू नये.

पैसे पाठवण्याचे मार्ग साधारणपणे असे आहेत:

(अ) बँकेची नेटबँकिंग सेवा. पैसा ‘स्विफ्ट’ या आंतरबँक संदेशजाळ्याच्या आधारे जातो. ही संस्था १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झाली. स्विफ्ट स्वतः पैसा वाहून नेत नाही, ती फक्त आदेश पोहोचवते. पैशाचा हिशेब बँकांनी एकमेकींकडे ठेवलेल्या खात्यांत होतो.

(आ) परवानाधारक विनिमय कंपन्या व ऑनलाइन मंच. यांच्यामागेही अखेर एखादी अधिकृत बँक असते.

(इ) शिक्षणशुल्कासाठीचे विशेष मंच. येथे विद्यार्थी रुपयांत भरणा करतो आणि विद्यापीठाला त्याच्या चलनात रक्कम मिळते.

(ई) देशोदेशींच्या तत्काळ भरणा व्यवस्थांची जोडणी. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पे-नाऊ या व्यवस्था जोडल्या गेल्या. छोट्या रकमांसाठी हा मार्ग सोयीचा आहे.

बाजारात ‘मनी ट्रान्सफर’च्या पाट्या जागोजागी दिसतात, म्हणून एक भेद नोंदवावा. ‘मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम’ ही योजना फक्त परदेशातून भारतात येणाऱ्या वैयक्तिक पैशासाठी आहे. तिच्यातून पैसे बाहेर पाठवता येत नाहीत. ‘कागदपत्रे नकोत, आजच पोहोचवतो’ असे सांगणारा मध्यस्थ बहुधा हवालाच करत असतो. फेमाच्या उल्लंघनासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

३. खर्चाचे चार घटक

1. सेवाशुल्क (हुंडणावळ): बहुधा ठरावीक रक्कम. त्यावर १८ टक्के जीएसटी.
2. दरातील फरक (बट्टा): बाजारातील खरेदी व विक्री दरांच्या मधला तो मध्य दर. ग्राहकाला मिळणारा दर त्याहून महाग असतो. तुलनेसाठी एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी जाहीर करते तो संदर्भ दर वापरता येतो.
3. चलनबदलावरील जीएसटी: हा पूर्ण रकमेवर नसतो. १ लाखापर्यंत रकमेचा १ टक्का (किमान २५० रुपये). १ ते १० लाखांदरम्यान १,००० रुपये अधिक १ लाखावरील रकमेचा ०.५ टक्का, हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लागतो.
4. मधल्या बँकेची कपात: स्विफ्टच्या आदेशात शुल्क कोण सोसणार हे लिहिलेले असते. ‘अवर’ म्हणजे सर्व शुल्क पाठवणाऱ्याचे, ‘शा’ म्हणजे दोघांत विभागलेले, ‘बेन’ म्हणजे घेणाऱ्याचे.

चौथा घटक लहान दिसतो, पण विद्यार्थ्यांना तोच सर्वाधिक त्रास देतो. ‘शा’ निवडले आणि वाटेत १५ युरो कापले गेले, तर विद्यापीठाच्या हिशेबी शुल्क अपुरे ठरते. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनची रक्कम). तेथे थोडी रक्कम कमी पडली तरी पुरावा अपुरा राहतो. अशा वेळी दहा-वीस युरो वाचवण्यापेक्षा पूर्ण रक्कम पोहोचण्याची हमी अधिक मोलाची असते.

४. सोडवलेले उदाहरण

समजा मध्य दर १ युरो = १०० रुपये आहे. (हिशेब सोपा व्हावा म्हणून सर्व दर कल्पित आहेत.)

- सेवा क: दर १०२.००, शुल्क ५०० रुपये
- सेवा ख: दर १००.६०, शुल्क १,५०० रुपये
- सेवा ग: दर १०३.००, ‘शून्य शुल्क’

६,००० युरो पोहोचवण्यासाठी:

| | सेवा क | सेवा ख | सेवा ग |
|---|---|---|---|
| युरोंची किंमत | ६,१२,००० | ६,०३,६०० | ६,१८,००० |
| शुल्क व त्यावरील जीएसटी | ५९० | १,७७० | ० |
| चलनबदलावरील जीएसटी | ६४०.८० | ६३३.२४ | ६४६.२० |
| एकूण रुपये | ६,१३,२३०.८० | ६,०६,००३.२४ | ६,१८,६४६.२० |
| मध्य दरापेक्षा जादा | २.२१% | १.००% | ३.११% |

सर्वाधिक शुल्क घेणारी ‘ख’ सर्वांत स्वस्त आणि ‘शून्य शुल्क’वाली ‘ग’ सर्वांत महाग ठरली. दोहोंतील अंतर १२,६०० रुपयांहून अधिक आहे.

आता त्याच सेवांतून फक्त २०० युरो पाठवू. चलनबदलावरील जीएसटी तिन्हींकडे किमान मूल्यावर, म्हणजे ४५ रुपये येतो. एकूण खर्च: क २१,०३५, ख २१,९३५, ग २०,६४५ रुपये. क्रम उलटला! कारण ठरावीक शुल्काचा भार छोट्या रकमेवर जड पडतो, तर बट्टा रकमेबरोबर वाढत जातो.

मग सीमा कोठे? चलनबदलावरील जीएसटीतील किरकोळ फरक सोडला तर क आणि ग यांचा खर्च ५९० युरोंवर समान होतो (५९० ÷ १). क आणि ख यांचा सुमारे ८४३ युरोंवर (१,१८० ÷ १.४०). म्हणजे ५९० युरोंपर्यंत ग, तेथून ८४३ पर्यंत क, आणि त्यापुढे ख स्वस्त. ‘सर्वांत चांगली सेवा कोणती?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ‘इतक्या रकमेसाठी कोणती?’ असे विचारले पाहिजे.

५. टीसीएस: खर्च नव्हे, पण खिशाला ताण

एलआरएसखाली पैसे पाठवताना बँक ‘टीसीएस’ हा कर गोळा करते. १ एप्रिल २०२५ पासून त्याची सवलत-मर्यादा वर्षाला ७ लाखांवरून १० लाख रुपये झाली. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी मर्यादेवरील रकमेवर शिक्षणाकरिता ५ टक्के, निर्वाहासारख्या इतर बहुतेक कारणांकरिता २० टक्के असा दर होता. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो काढून टाकण्यात आला. अर्थसंकल्पागणिक हे दर बदलतात, म्हणून चालू वर्षाचा दर तपासूनच हिशेब करावा.

ही रक्कम पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा दिसते आणि विवरणपत्र भरल्यावर करात वळती होते किंवा परत मिळते. म्हणून सेवांच्या तुलनेत ती धरू नये; कोणत्याही सेवेतून पाठवले तरी ती तितकीच असते. मात्र ती त्या दिवशी खात्यात असावी लागते. शेवटच्या तारखेला भरणा करणाऱ्या घरांची अडचण येथेच होते.

६. तुलना करण्याची रीत

1. पोहोचायला हवी ती विदेशी रक्कम ठरवा. सर्व सेवांना एकच प्रश्न विचारा: ‘इतके युरो पूर्ण पोहोचण्यासाठी माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?’
2. सर्व दर एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात घ्या. बाजार बंद असताना दिलेल्या दरांत जोखमीचा वाढावा असू शकतो.
3. दर किती वेळ पक्का राहील हे पाहा.
4. मोठी रक्कम असेल तर बँकेच्या शाखेत चांगला दर मागून पाहा. छापील ‘कार्ड रेट’ हा अंतिम असतोच असे नाही.
5. सेवेमागील अधिकृत बँक किंवा परवाना तपासा.
6. स्विफ्टच्या आदेशाची प्रत जपून ठेवा. रक्कम अडकली तर तिचा माग त्यावरूनच लागतो.

७. सारांश

पैसे पाठवण्याचा खर्च म्हणजे हुंडणावळ अधिक बट्टा, अधिक कर, अधिक वाटेतील कपात. जाहिरातीत बहुधा पहिलाच घटक असतो. ठरावीक खर्च छोट्या रकमेला आणि दरातील फरक मोठ्या रकमेला महाग पडतो. पोहोचलेली रक्कम आणि खात्यातून गेलेले रुपये या दोनच आकड्यांवर तुलना उभी करावी.

स्वाध्याय

1. वरील तिन्ही सेवांतून १,००० युरो पाठवण्याचा एकूण खर्च काढा. कोणती सेवा स्वस्त ठरते?
2. सेवा ‘ख’ने शुल्क ५०० रुपये केले तर सेवा ‘ग’शी तिचा समान-खर्च बिंदू किती युरोंवर येईल?
3. ‘टीसीएस हा पैसे पाठवण्याचा खर्च आहे’ या विधानाचे परीक्षण करा.
4. तुमच्या गावातील एका बँकेचा आणि एका ऑनलाइन मंचाचा आजचा दर घेऊन दोहोंतील बट्टा टक्क्यांत मांडा.