रक्तात शिरणारी बुरशी आणि निकामी होणारी औषधे

जून २०२० मध्ये बाळकुम येथे ठाणे महापालिकेचे १,०२४ खाटांचे कोविड रुग्णालय सुरू झाले. पुढच्या वर्षी मे महिन्यात म्युकरमायकोसिसने 'बुरशी' हा शब्द घरोघरी पोहोचवला आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी या इंजेक्शनसाठी राज्यभर धावाधाव झाली. त्याच काळात देशातील अतिदक्षता विभागांत आणखी एक बुरशी वावरत होती, तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही. तिचे नाव कॅन्डिडा ऑरिस. नवी दिल्लीतील एका अतिदक्षता विभागात एप्रिल ते जुलै २०२० दरम्यान १५ कोविड रुग्णांच्या रक्तात कॅन्डिडा आढळली. त्यातील १० जणांत ती ऑरिस होती. त्यांपैकी ६ जण दगावले.

कॅन्डिडा हे यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी. तिच्या अनेक जाती आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर निमूटपणे राहतात. मोठी शस्त्रक्रिया, दीर्घकाळ चाललेली प्रतिजैविके किंवा शिरेत घातलेली नळी यांमुळे ती रक्तात शिरू शकते. ताप येतो, पण प्रतिजैविकांनी उतरत नाही. रक्ताच्या कल्चरमध्येही ती जवळपास निम्म्या रुग्णांत सापडत नाही.

बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. त्यामुळे आपल्याला इजा न करता तिला मारणारी औषधे मोजकीच आहेत. फ्लुकोनॅझोल गोळीच्या रूपात मिळते आणि स्वस्त आहे. अ‍ॅम्फोटेरिसिन प्रभावी, पण मूत्रपिंडाला त्रासदायक. एकायनोकँडिन गटातील औषधे शिरेतूनच द्यावी लागतात. अमेरिकेत तपासलेल्या ऑरिसच्या नमुन्यांपैकी सुमारे ९० टक्के फ्लुकोनॅझोलला, तर ३० टक्के अ‍ॅम्फोटेरिसिनला दाद देत नव्हते. एकायनोकँडिनला न जुमानणारे ५ टक्क्यांहून कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ऑरिसला सर्वाधिक धोक्याच्या गटात टाकले.

म्हणून उपचार बहुधा एकायनोकँडिनने सुरू होतो. शक्य असल्यास शिरेतील नळी काढतात, कोणते औषध लागू पडते ते तपासतात आणि रक्त बुरशीमुक्त झाल्यावरही साधारण १४ दिवस औषध चालू ठेवतात. ऑरिस खाटेच्या कठड्यावर, उपकरणांवर कित्येक दिवस टिकते. त्यामुळे क्लोरीनयुक्त जंतुनाशकाने सफाई आणि हातांची स्वच्छता हाही उपचाराचाच भाग ठरतो.

रुग्णाला भेटताना आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर हात स्वच्छ करा. 'ही नळी अजून लागते का?' असे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि खाज सुटली म्हणून दुकानातून परस्पर फ्लुकोनॅझोल आणू नका. औषधांचा असा सैल वापर बुरशीला त्यांची सवय लावतो.